बर्मिंगहॅमच्या बोर्नव्हिल उपनगरात एकही पब का नाही?

कारण ते कॅडबरींनी वसवलं, आणि कॅडबरी होते क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे. दारू वर्ज्य. (हो, आपल्या घरातल्या बोर्नव्हिटाचं नावही याच गावावरून आलंय.)

१८७९ मध्ये रिचर्ड आणि जॉर्ज या भावांनी चॉकलेटचा कारखाना शहराच्या कोंदट गल्ल्यांतून बाहेर, मोकळ्या माळावर हलवला. 'बोर्न' हा तिथला ओढा. फ्रेंच चॉकलेटचा तेव्हा दबदबा, म्हणून पुढे 'व्हिल' (फ्रेंचमध्ये शहर) जोडलं! १८९३ मध्ये जॉर्जने शेजारची १२० एकर जमीन घेतली आणि १८९५ पासून घरं उठू लागली. प्रत्येक घराला ऐसपैस बाग, त्यात फळझाडं. मला आवडते ती गोष्ट वेगळीच: घरं फक्त कारखान्यातल्या कामगारांसाठी नव्हती. शिवाय १९०० मध्ये जॉर्जने सगळी मिळकत 'बोर्नव्हिल व्हिलेज ट्रस्ट'च्या हवाली केली, त्यामुळे पुढे कंपनी अमेरिकनांनी विकत घेतली तरी वस्तीची व्यवस्था ट्रस्टकडेच राहिली.

पबची जागा इथे हिरवळीने, खेळाच्या मैदानांनी आणि घंटांनी भरून काढली. शाळेच्या मनोऱ्यावर ४८ घंटांचा कॅरिलॉन आहे, त्यावर चक्क सुरावटी वाजवतात.

अर्थात बंदी ट्रस्टच्या हद्दीपुरतीच. ज्याला प्यायची आहे तो थोडं चालून शेजारच्या स्टर्चलीत जातो.