टोफ्रेकचा पट: हाडेंडोवा योद्ध्यांची त्वचा, मांजरपाट आणि काटेरी झरीबा

नमस्कार. 28 मिलिमीटर मापाच्या छोट्या मूर्तींमधल्या हाडेंडोवा (पूर्व सुदानातल्या बेजा लोकांची एक जमात) योद्ध्यांची त्वचा रंगवून झाल्यावर राखाडी दिसते, ती कशी सुधारावी, आणि सुदानातल्या टोफ्रेकच्या लढाईचा खेळ या मूर्तींनी मांडण्यासाठी झुडपांचा पट घरी कसा करावा, असे दोन प्रश्न आपण विचारले आहेत. माझ्या मते पटाचा विचार आधी करावा, कारण जमिनीचा रंग ठरला की कपड्यांवरची धूळ, ढालींची छटा आणि मूर्तींखालचे बेस हे सगळे त्यावरूनच ठरते.

ही लढाई 22 मार्च 1885 रोजी, तांबड्या समुद्रावरच्या सुआकिन बंदरापासून काही मैलांवर झाली. ब्रिटिश जनरल मॅकनील यांच्या तुकडीकडे तामाईच्या वाटेवर काटेरी फांद्यांच्या कुंपणाचा तळ, म्हणजे झरीबा, उभारण्याचे काम होते, आणि ते पुरे होण्याआधीच महदींचे (सुदानातल्या उठावाचे धर्मनेते) सरदार उस्मान दिग्ना यांच्या लोकांनी झुडपांतून हल्ला चढवला. ब्रिटिश पलटणींबरोबर 15वी शीख, 17वी बंगाल आणि 28वी बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्री तेथे होती. आपल्या मुंबई इलाख्याची पलटण ज्या लढाईत उभी राहिली, ती आपल्याकडच्या पटांवर फारशी दिसत नाही. आपण ती निवडलीत याचा मला मनापासून आनंद वाटतो.

पटाच्या दृष्टीने यातून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की, कुंपणाच्या फांद्या त्याच दिवशी तोडलेल्या होत्या. त्यामुळे हा झरीबा वाळक्या तपकिरी काड्यांचा न दाखवता मळकट हिरव्या पाल्याचा आणि जागोजागी अपुरा दाखवावा. दुसरी अशी की, फांद्या आसपासच्याच झुडपांच्या असल्याने कुंपणाभोवतीचा पट्टा मोकळा व्हायला हवा आणि तेथे तोडलेले खुंट दिसायला हवेत. त्यापलीकडे मात्र पुरुषभर उंचीची झुडपे दाट लावावीत, कारण हल्लेखोर इतके जवळ येईपर्यंत नीट दिसले नाहीत ते याच झुडपांमुळे. झुडपे विरळ ठेवली, तर खेळात बंदुकांना लांबवर मोकळा मारा मिळतो आणि या लढाईचा जीवच जातो.

तिकडची झुडपे बाभळीच्या जातीची असल्याने आपल्याला त्यांची ठेवण नवी नाही. मात्र त्या भागाची आजची छायाचित्रे जपून पाहावीत. आज सुदानात सर्वत्र माजलेली वेडी बाभूळ तेथे 20व्या शतकात आणली गेली, म्हणून तिचा दाट, टवटवीत हिरवा रंग 1885च्या पटावर नको. खोडासाठी खराट्याच्या काड्यांची बारीक टोके आणि विस्तारासाठी पिंजलेला काथ्या घ्यावा, त्यावर पातळ फेविकॉल लावून बारीक भुसा विरळ भुरभुरावा आणि करड्या हिरव्या रंगाचा हात द्यावा. साडेतीन सेंटिमीटर उंचीचे झुडूप या मापात सुमारे दोन मीटरचे होते. कुंपणाचे तुकडे एमडीएफच्या पट्ट्यांवर सुटे करावेत, फांद्यांचे बुंधे आत आणि काटेरी टोके बाहेर ठेवून.

जमीन फिकट, किंचित करडी पिवळी असावी: यलो ऑकर, पांढरा आणि थोडा बर्न्ट अंबर. कोकणातल्या तांबड्या मातीची सवय असलेला हात नकळत लालसर रंगाकडे जातो, तो आवरावा. वाळू धुऊन, वाळवून, चाळून एकाच बरणीत ठेवावी, रंगाचे मिश्रणही एकदाच भरपूर करावे, आणि पट व बेस दोन्ही त्यांतूनच पुरे करावेत. नंतर कितीही जुळवले तरी दुसऱ्या खेपेची छटा वेगळी पडते.

आता त्वचेविषयी. आपण गडद तपकिरीत पांढरा मिसळून उजेड (उंचवट्यांवरची फिकी छटा) काढला असावा, कारण राखाडी झाक बहुधा त्यातूनच येते. पांढरा रंग थंड असतो आणि तपकिरीतली ऊब मारून टाकतो. बर्न्ट अंबरचा पाया द्यावा, खोलगट भागांत जांभळट निळ्याचा अगदी पातळ वॉश सोडावा, मग अंबरमध्ये बर्न्ट सिएना वाढवत गाल, खांदे, बरगड्या आणि गुडघे उचलावेत. शेवटचा उजेड यलो ऑकरचा, तोही फक्त नाकाचा शेंडा, गालाचे हाड आणि बोटांच्या सांध्यांवर. तळहात आणि तळपाय फिके ठेवावेत. गडद त्वचेचा उठाव रंगापेक्षा चकाकीतून अधिक दिसतो, म्हणून कापडावर मॅट आणि त्वचेवर सॅटिन वार्निश लावल्यास मूर्ती एकदम जिवंत वाटते. पाया सर्वांना एकच देऊ नये. बेजा लोकांमध्ये तांबूस तपकिरीपासून अगदी गडद रंगापर्यंत सगळ्या छटा आढळतात.

कापड पांढरे शुभ्र नसून कोऱ्या मांजरपाटासारखे आहे. करड्या खाकीपासून सायीच्या रंगापर्यंत चढत जावे, पांढरा फक्त घड्यांच्या कडेला ठेवावा आणि काठाकडून वर जमिनीच्याच रंगाची धूळ उडवावी. ठिगळे लावलेला महदींच्या अनुयायांचा झगा या योद्ध्यांवर सरसकट चढवू नये. केस चरबी लावून जोपासलेले असत, म्हणून काळ्याऐवजी गडद तपकिरी रंगावर टोकांना फिकट पिवळसर ड्रायब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशचा हात) योग्य दिसतो. गोल कातडी ढालीवर ब्रश मधल्या उंचवट्याभोवती गोलाकार फिरवावा.

भारतीय पलटणींची खाकी एकसारखी रंगवू नये; धुण्याने आणि उन्हाने ती शिपायागणिक बदलते. ब्रिटिश शिपायांनी बेजांना त्यांच्या केसांवरून दिलेले हिणकस टोपणनाव मूर्तींच्या काही खोक्यांवर अजून छापलेले असते; आपल्या पटावरच्या पाट्यांवर ते घेऊ नये, हाडेंडोवा असेच लिहावे.

पावसाळ्यात स्प्रे प्रायमर दमटपणामुळे पांढुरका धरतो, तेव्हा ब्रशने लावायचा प्रायमर वापरावा. संपूर्ण खोके हाती घेण्याआधी तीन मूर्ती पायाच्या तीन वेगवेगळ्या रंगांवर रंगवून, पटाच्या तुकड्यावर ठेवून, दिवसाच्या उजेडात त्यांचे छायाचित्र काढून येथे टाकावे. मिश्रणाचे प्रमाण त्यावरून नेमके सांगता येईल.