एका ओझरत्या वाक्याविषयी

प्रश्न : मी ६१ वर्षांचा असून बँकेतून निवृत्त झालो आहे. दीड वर्षापूर्वी आमच्या इमारतीसमोरचा पदपथ केबल टाकण्यासाठी खोदला गेला आणि नंतर तो नीट बुजवलाच नाही. त्यात पाय अडकून माझी पत्नी पडली व तिचे मनगट मोडले. संबंधित कार्यालयात मी सात लेखी अर्ज दिले. एक कनिष्ठ अभियंता दोनदा येऊन मोजमापे घेऊन गेला, पण पुढे काहीच हलले नाही. आता मला कोणाचेच काही खरे वाटत नाही. झाडे लावणारे फोटोसाठी लावतात, डॉक्टर पैशांकडे पाहतात, शेजारी विचारपूस करतात ती भोचकपणाने, असेच मनात येते. मुलगी म्हणते, "बाबा, तुमच्या तोंडून कोणाविषयी चांगला शब्द ऐकून किती दिवस झाले!" तिने एक वही आणून दिली असून रोज रात्री तीत तीन चांगल्या गोष्टी लिहाव्यात, असा तिचा आग्रह आहे. मला ते ढोंग वाटते. ज्याच्यावर अन्याय झाला त्याने आभार कशाचे मानायचे?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : आपल्या पत्नीचे मनगट आता बरे असावे, अशी आशा करते. आपला राग रास्त आहे आणि तो गिळून कृतज्ञ व्हा, असे मी मुळीच सांगणार नाही. खड्डा खड्डाच असतो. वहीत तीन चांगल्या गोष्टी लिहिल्याने तो बुजत नाही. मात्र आपल्या पत्रात दोन निरनिराळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत, त्या वेगळ्या करून पाहू. सात अर्ज लिहिणारा माणूस कडवट नसतो. आपला अर्ज कोणीतरी वाचील आणि वाचून त्याला काहीतरी करावेसे वाटेल, एवढा विश्वास त्या प्रत्येक अर्जामागे होता. पुढे डॉक्टर, शेजारी आणि झाडे लावणारी मुले यांच्यावर आपण जो ठपका ठेवला आहे, तो मात्र वड्याचे तेल वांग्यावर काढण्यातला आहे. त्यांनी आपला पदपथ खोदलेला नाही.

तक्रार आणि कृतज्ञता एकाच मनात नांदू शकतात, हे मी माझ्या आईकडून शिकले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे फुटले आणि मुठेचे पाणी पेठांमध्ये शिरले, तेव्हा ती नारायण पेठेत राहत होती. संसार वाहून गेला. राहिले ते एक तांब्याचे घंगाळ, आणि त्याच्या कडीखालच्या सांदीत बसलेला चिखल तिने पुढे कितीही चिंच लावून घासला तरी पुरता निघाला नाही. काम पूर्ण झालेले नसताना त्या धरणात पावसाळ्याचे पाणी साठू दिले गेले, याचा तिला अखेरपर्यंत संताप होता. तो विषय निघाला की तिचा आवाज चढत असे. पण त्याच दमात ती जवानांविषयी बोलायची. धरण खचू लागल्यावर लष्कराच्या जवानांनी तेथे वाळूची पोती रचून ते काही तास तगवले, म्हणून पाणी शहरात दिवसा आले. तेच पाणी रात्री झोपेत आले असते तर किती माणसे गेली असती, याचा विचारही करवत नाही. त्या जवानांपैकी एकाचेही नाव तिला ठाऊक नव्हते. तरी दर वर्षी त्या तारखेला ती देवापुढे त्यांच्यासाठी एक वेगळी निरांजन लावायची. ज्यांनी चूक केली ते वेगळे आणि ज्यांनी पोती वाहिली ते वेगळे, हा हिशेब तिने कधी चुकू दिला नाही. "सगळे एकाच माळेचे मणी" असे ती म्हणाली असती, तर दोषी माणसे त्या गर्दीत सहज लपली असती आणि पोती वाहणारेही दिसेनासे झाले असते.

म्हणूनच सरसकट अविश्वास मला शहाणपणाचा वाटत नाही. तो चाणाक्षपणासारखा दिसतो खरा, पण प्रत्येक माणसाकडे वेगळे पाहण्याचे कष्ट त्यात वाचतात. चौकशी न करताच निकाल तयार असतो.

वहीविषयी थोडेसे. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅक्कलो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांचे तीन गट केले होते. दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, एका गटाने ज्यांबद्दल कृतज्ञता वाटते अशा गोष्टी लिहिल्या, दुसऱ्याने त्रासाच्या आणि तिसऱ्याने नुसत्या घडलेल्या. पहिल्या गटाला आपले आयुष्य अधिक बरे वाटत होते. तेव्हा मुलीचे म्हणणे निराधार नाही. पण तो अभ्यास तरुण विद्यार्थ्यांचा होता आणि त्यांनी रोज काही लिहिले नव्हते. ढोंग वाटत असताना रोज रात्री तीन ओळी भरायची सक्ती स्वतःवर करू नका. आठवड्यातून एक ओळ लिहिलीत तरी पुरे, मात्र तीत एखादा माणूस आणि त्याने नेमके काय केले ते असावे. "आरोग्य चांगले आहे" यासारखी वाक्ये लिहून हाती फारसे काही लागत नाही.

नेमके म्हणजे कसे, ते सांगते. आमच्याकडे सकाळी कचरा न्यायला येणाऱ्या ताई डबा ओतून घेतल्यावर ओल्यात गेलेला प्लॅस्टिकचा एखादा तुकडा हाताने वेचून काढतात. पुण्यातल्या कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना १९९३ साली उभी राहिली, आणि आपल्या कामाला काम म्हणून मान्यता मिळावी यासाठी या बायकांनी मोर्चे काढले, भांडल्या. त्यांच्याइतकी तक्रारीला जागा क्वचितच कोणाला असेल. वापरलेले सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा, म्हणजे ते उघडून पाहावे लागणार नाहीत, असे आवाहन शहरात केले गेले होते. आमच्या घरी माझी सून न चुकता तो ठिपका काढते. ताईंनी एकदा पुडके हातात घेऊन ठिपका पाहिला आणि ते न उघडता बाजूच्या पिशवीत ठेवले. कोणी कोणाला धन्यवाद म्हटले नाही. पुढे कोणाचा तरी हात लागणार आहे याची आठवण त्या ठिपक्यात आहे, आणि कृतज्ञता म्हणताना माझ्या मनात हेच असते.

आता आपल्या पत्राकडे वळते. ते मी तीनदा वाचले. "एक कनिष्ठ अभियंता दोनदा येऊन मोजमापे घेऊन गेला" हे वाक्य आपण ओझरते लिहिले आहे आणि लगेच "पण" म्हणून पुढे गेला आहात. पहिल्या खेपेनंतर वरून काही हालचाल झाली नसावी, तरीही तो दुसऱ्यांदा आला. हातात टेप घेऊन तो आपल्याच खड्ड्यात वाकला होता. कदाचित आपल्या अर्जाचा त्या कार्यालयातला एकमेव वाचक तोच असेल. त्याचे नाव आपल्याला ठाऊक आहे का? नसेल तर विचारून घ्या.

आठवा अर्ज जरूर लिहा. पत्नीच्या दुखापतीची तारीख, आधीच्या सातही अर्जांच्या तारखा आणि त्यांचे आवक क्रमांक त्यात घाला, भाषा जराही मऊ करू नका आणि पोच घ्या. शेवटच्या परिच्छेदात त्या अभियंत्याचे नाव, तो किती वेळा आला आणि त्याने काय मोजले ते लिहून त्याबद्दल त्याचे आभार माना. अर्जाची एक प्रत त्याच्या वरिष्ठांना पाठवा आणि दुसरी त्याच्या हातात स्वतः नेऊन द्या.