सॅन्टोरिनीच्या भिंतीवरची निळी वानरं खरंच भारतातली आहेत का?

तुम्ही विचारलंय की, ग्रीसच्या सॅन्टोरिनी बेटावर साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या घरात भारतातली वानरं रंगवलेली सापडली, म्हणजे सिंधू संस्कृतीचे लोक तिथवर पोचले होते, असा फॉरवर्ड फिरतोय. तो खरा का?

अर्धा खरा असू शकतो. पण पहिल्या अर्ध्यावरून दुसऱ्यावर जी उडी मारलीय ती वानरालाही झेपणार नाही.

मी अमरावतीत वाढलो. उन्हाळ्यात आई गच्चीवर कुरडया वाळत घालायची आणि राखणीला मला बसवायची, कारण कौलांवरून वानरांची टोळी कधी उतरेल याचा नेम नसायचा. त्यामुळे काळतोंड्या ते वानर आणि लालतोंड्या ते माकड, हा फरक आम्हाला शाळेआधीच कळला. वानर चालतं तेव्हा त्याची शेपटी वर उचललेली असते, पाठीवर मोठी कमान करून. हे शेपटीचं लक्षात ठेवा, सगळा वाद तिच्यावरच आहे.

आधी जागा समजून घेऊ. सॅन्टोरिनीचं जुनं नाव थेरा. बेटाच्या दक्षिण टोकाला अक्रोतिरी नावाचं गाव आहे आणि त्याच्याजवळ राखेखाली एक अख्खं शहर गाडलेलं आहे. त्याचा सुगावा लागला तो सुएझ कालव्यामुळे. १८६०च्या दशकात कालव्याच्या बांधकामाच्या सिमेंटसाठी या बेटावरून ज्वालामुखीची राख आणि प्यूमिस (टाचा घासायला वापरतो तो हलका, पाण्यावर तरंगणारा दगड) खणून नेत होते, तेव्हा खाली जुन्या भिंती लागल्या. नीट उत्खनन मात्र १९६७ साली स्पिरिडॉन मरिनातोस यांनी सुरू केलं. एका ओढ्याने राखेचा थर झिजवून पातळ केला होता, तिथेच त्यांनी फावडं घातलं आणि जवळजवळ लगेच घरं लागली. १९७४ मध्ये उत्खननाच्या जागीच अपघात होऊन ते गेले. पुढे ख्रिस्तोस डूमास यांनी काम अनेक दशकं चालवलं.

मी तिथे गेलो तेव्हा सर्वात आधी डोक्यावरचं छप्पर जाणवलं. सगळं शहर एका प्रचंड शेडखाली आहे. तिचा एक भाग २००५ साली कोसळून एका पर्यटकाचा जीव गेला, आणि मग २०१२ पर्यंत जागा बंद होती. आत गेलं की दोन-दोन, तीन-तीन मजल्यांची घरं, मधून फरसबंद गल्ली, गल्लीखाली सांडपाण्याचं गटार. 'पश्चिम घर' म्हणतात त्या घराच्या वरच्या मजल्यावर संडास आहे. त्याचा मातीचा पाइप भिंतीच्या आतून उतरून रस्त्याखालच्या गटाराला मिळतो. मी पुण्यात ज्या जुन्या वाड्यात भाड्याने राहायचो तिथे संडास खाली, अंगणापलीकडे होता, त्यामुळे त्या पाइपसमोर मी जरा जास्तच वेळ उभा राहिलो.

लाकूड कुजून गेलं, पण राखेत त्याचा साचा तसाच राहिला. त्या पोकळ्यांमध्ये प्लास्टर ओतून पलंग, कोरीव पायांचं छोटं टेबल, असं फर्निचर जसंच्या तसं उभं केलंय. माणसांचे सांगाडे मात्र नाहीत. पॉम्पेईशी, म्हणजे इटलीतल्या तशाच राखेत गाडलेल्या रोमन शहराशी, तुलना इथे थांबते. आधी मोठा भूकंप झाला, लोक घरं सोडून गेले, मग काही जण परत येऊन राडारोडा उपसायला लागले. एका खोलीत दोन भांडी सापडली, एकात सुकलेला गिलावा आणि दुसऱ्यात सुकलेला लाल रंग. म्हणजे रंगकाम चालू असताना कारागीर उठून गेला. त्यानंतर ज्वालामुखी फुटला.

कधी फुटला, यावर अजून भांडण आहे. राखेत गाडलेल्या ऑलिव्हच्या एका फांदीवरून इसवी सनपूर्व १६२७ ते १६०० असा काळ २००६ मध्ये मांडला गेला. इजिप्तच्या राजांच्या कालगणनेशी भांडी जुळवणारे लोक त्याच्या बऱ्याच नंतरचा काळ सांगत आले. आपल्या प्रश्नापुरतं 'इ. स. पू. १६००च्या आगेमागे' पुरे.

आता वानरं. बीटा नावाच्या इमारतीतल्या सहाव्या खोलीच्या भिंतीवर ती आहेत. लालसर खडक, आणि त्यांवर चढणारी, मागे वळून बघणारी निळी जनावरं. पूर्वी बहुतेक जण त्यांना आफ्रिकेतली व्हर्व्हेट माकडं म्हणत. इजिप्त जवळ, तिथल्या चित्रांतही माकडं, त्यामुळे फारशी कोणाला शंका आली नाही. २०१९च्या अखेरीस कांस्ययुगीन कलेच्या अभ्यासक मेरी निकोल परेहा यांनी माकडांवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांना सोबत घेऊन 'प्रायमेट्स' या नियतकालिकात लेख लिहिला. त्यांचं म्हणणं, ही व्हर्व्हेट नव्हेत, ही लंगूर, म्हणजे आपली वानरं. आधार काय, तर हातापायांची ठेवण, अंगावरच्या रंगाची विभागणी आणि वर वळवून धरलेली शेपटी.

निळ्या रंगाचं गूढ फारसं नाही. या चित्रकारांकडे करड्यासाठी निळाच चालायचा. त्याच इमारतीत दोन मुलं मुष्टियुद्ध खेळतानाचं चित्र आहे. त्यांची डोकी भादरलेली आहेत, मधे काही बटा ठेवल्यात, आणि भादरलेला भाग निळा रंगवलाय. आपल्याकडे मुंजीत घेरा ठेवून बाकी डोकं भादरल्यावर जी निळसर झाक दिसते ना, तीच. तेव्हा निळं वानर म्हणजे देव वगैरे फॉरवर्डमध्ये जे लिहिलंय ते सोडून द्या.

हा लेख आल्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या असंही नाही. बर्नार्दो उर्बानी आणि दिओनिसिओस युलातोस हे दोघे, तेही माकडांचेच अभ्यासक, व्हर्व्हेटवर ठाम आहेत. कपाळावरचा पांढरा पट्टा, गोलसर तोंड याकडे ते बोट दाखवतात. आणि चित्रकार काही प्राणिशास्त्राचं पुस्तक काढत नव्हता, शेपटी त्याने जागा भरायला, डौल यायला वळवली असेल, हाही आक्षेप आहेच.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदा चित्र बघितलं तेव्हा तोंडातून 'अरे, वानरं!' असंच निघालं. पण मला व्हर्व्हेट फक्त फोटोतून माहीत. नैरोबीत वाढलेला माणूस तिथे उभा असता तर त्याने उलटं म्हटलं असतं. शिवाय आपली वानरंही सगळी एकसारखी शेपटी धरत नाहीत. उत्तरेकडच्यांची कमान डोक्याकडे झुकते, दक्षिणेकडच्यांची मागे पडते, आणि ही सीमा साधारण तापी-गोदावरीच्या पट्ट्यातून जाते. म्हणजे आपल्या महाराष्ट्रातूनच. चुलत बहिणीकडे सांगलीला गेलो की तिथली वानरं मला उगाच परकी वाटायची, ते का, हे मला हे वाचल्यावर कळलं. सांगायचं इतकंच की निव्वळ शेपटीवर मी घर विकणार नाही. ६०-४० वानरांच्या बाजूने आहे, बस.

समजा वानरंच आहेत. तरी सिंधूची माणसं तिथे पोचली असं होत नाही. सिंधूची मोठी शहरं इ. स. पू. १९००च्या सुमाराला ओसरली, चित्र त्यानंतर काही शतकांनी काढलेलं. माल मात्र हातोहात फिरायचा. इराकमधल्या ऊरच्या राजघराण्याच्या थडग्यांत सिंधूकडचे कार्नेलियनचे (लालसर अकीक) नक्षीचे मणी आहेत. इराकमधल्याच अक्कड या प्राचीन राज्याचा राजा सार्गन फुशारकी मारतो की मेलुहाची जहाजं त्याच्या धक्क्याला लागतात, आणि मेलुहा म्हणजे सिंधूचा प्रदेश असं बहुतेक अभ्यासक मानतात. मेलुहाच्या भाषेचा दुभाषी शू-इलिशू याचा शिक्का आज लूव्र संग्रहालयात आहे. दुभाषा लागायचा म्हणजे येणं-जाणं नेहमीचं होतं. पण हे सगळं इराकपर्यंत, आणि थेराच्या चित्रापेक्षा बरंच जुनं.

चित्राच्या काळाजवळचा पुरावा हवा असेल तर इस्रायलमधल्या मेगिद्दोचा घ्या. तिथल्या माणसांच्या दातांवरच्या किटणात हळदीचे अंश सापडले, काळ इ. स. पू. दुसऱ्या सहस्रकाच्या मध्याचा. २०२० मध्ये ते प्रसिद्ध झालं. हळद पोचली म्हणून तिथे आपलं कोणी फोडणी घालत बसलं होतं असं आपण म्हणत नाही. जिवंत वानरही तसंच, कुठल्याशा दरबारात नजराणा म्हणून, चार-पाच हात बदलत पश्चिमेला गेलं असेल आणि थेराच्या चित्रकाराने, किंवा त्याच्या गुरूने, ते सीरियाच्या किनाऱ्यावर पाहिलं असेल. हा माझा अंदाज आहे, पुरावा नव्हे. थेराची माणसं व्यापारी होती हे मात्र पक्कं. अक्रोतिरीत शिशाची वजनं शंभरावर सापडलीत, साधारण ६१ ग्रॅमच्या मापाच्या पटीत.

आणि माकड त्यांच्या कल्पनेत मुरलेलं होतं. झेस्ते ३ नावाच्या इमारतीत उंच आसनावर बसलेली एक देवी आहे, मुली केशराची फुलं खुडून आणतायत, आणि देवीच्या पुढ्यात एक निळं माकड उभं राहून तिला केशर देतंय. हे कुठल्या जातीचं, यावर मी आता पुन्हा सुरू होत नाही.

कधी जाणार असाल तर एक: वानरं बघायला अक्रोतिरीच्या शेडमध्ये शोधत फिरू नका. तिथे भिंती आहेत, चित्रं काढून नेलीत. वानरांची भिंत 'फिरा' या बेटावरच्या मुख्य गावातल्या प्रागैतिहासिक संग्रहालयात आहे आणि ती मुष्टियुद्धवाली पोरं थेट अथेन्सला. फिरा ते अक्रोतिरी बस आहे. सकाळची धरा, दुपारी क्रूझची गर्दी येते.