हळदीचा ट्रक भरण्याआधी

प्रिय पोरी,

दुबईच्या व्यापाऱ्याने वायगावची हळद मागितली, हे ऐकून फार बरं वाटलं. मालाची मला काळजी नाही. आपल्या हळदीत कर्क्युमिन, म्हणजे तिला पिवळा रंग देणारा घटक, सहा टक्क्यांच्या वर असतं, २०१६ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. काळजी आहे ती पैशाची.

नोंदणीचं काम घरबसल्या होतं. आयात-निर्यात कोड ५०० रुपयांत ऑनलाइन निघतो. फक्त दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये, काही बदललं नसलं तरी, त्यातली माहिती अपडेट कर, नाहीतर कोड बंद पडतो. मसाल्यासाठी मसाला मंडळाची निर्यातदार नोंदणी वेगळी लागते.

तो म्हणेल, माल पोचला की पैसे टाकतो. ऐकू नको. हिंगणघाटच्या अडत्याने पैसे थकवले तर चार माणसं घेऊन त्याच्या गादीवर जाता येतं. दुबईत कोणाच्या दारात बसशील? काही रक्कम आगाऊ घे आणि बाकीच्यासाठी लेटर ऑफ क्रेडिट (एलसी) माग, म्हणजे त्याच्या बँकेची हमी मिळते. मात्र एक गोष्ट पक्की लक्षात ठेव: बँक तुझं पोतं उघडून बघत नाही, ती फक्त कागद बघते. एलसीत ‘पॉलिश केलेलं हळकुंड’ असेल आणि तुझ्या बिलावर ‘हळद गड्डा’ आला, तर माल सोन्यासारखा असूनही पैसे अडकतात. म्हणून बिलावरचं वर्णन एलसीतून जसंच्या तसं उतरव. एलसीत वेगळी मुदत नसेल तर माल रवाना झाल्यापासून २१ दिवसांत, आणि एलसी संपण्याआधी, कागद बँकेत गेले पाहिजेत. वजन, तारीख, बंदर, यातली एखादी अट आपल्याला झेपणारी नसेल तर माल भरण्याआधीच ती बदलून घे. नंतर सगळं त्याच्या मर्जीवर.

भाव सांगताना न्हावा-शेवापर्यंतचा खर्च कोणाचा, पुढचा कोणाचा, हेही लिहून घे. सीआयएफ, म्हणजे भाडं-विम्यासकटचा भाव ठरला, तर बोटीचं भाडं आणि विमा तू भरतेस, पण माल बोटीवर चढला की जोखीम त्याची होते. बरेच जण इथे गोंधळतात.

बायकांना सांग, हळद शिजवली की ताडपत्रीवरच वाळवा, मातीवर नको, आणि ओल १० टक्क्यांच्या आत येईस्तोवर बारदानात भरू नका. ओल राहिली की बुरशी, बुरशी आली की अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष. उद्या युरोपचा ग्राहक मिळाला तर तिथे मसाल्यात एकूण अफ्लाटॉक्सिन किलोमागे १० मायक्रोग्रॅमच्या वर चालत नाही. पॉलिश करताना रंग तर अजिबात नको.

आणि एकाच देशावर विसंबू नको. वरुड-मोर्शीच्या संत्र्याचं काय झालं, ते तुझ्या डोळ्यांसमोर आहे. बांगलादेशाने आयात शुल्क वाढवत वाढवत २०२३ मध्ये किलोला ८८ रुपयांवर नेलं आणि इकडे बागेतल्या मालाचे भाव पडले. बागवाल्यांची त्यात काहीच चूक नव्हती. फार वाईट वाटतं मला. दुबईशी बोलणी चालू असतानाच दुसरा ग्राहक शोधायला लाग.

एलसीचा मसुदा आला की आधी मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव. फोनवर आपण ओळ न् ओळ वाचू. तोवर ट्रक ठरवू नको.

तुझा,
काका