डबल कमांडरच घे, आणि माउस जरा बाजूला ठेव

तू कॉलेज रोडच्या स्टुडिओत लग्नाचे फोटो कार्डावरून उतरवतोस ना, मग डबल कमांडर टाक. दोन फोल्डर शेजारी-शेजारी दोन पॅनलमध्ये दाखवणारा फाइल मॅनेजर आहे तो. फुकट आहे, विंडोजवर चालतं, लिनक्सवरही. टोटल कमांडरही उत्तम, पण तो शेअरवेअर (आधी वापरून बघायचा, मग पैसे भरायचे) आणि डेस्कटॉपवर फक्त विंडोजचा. हा सगळा घाट १९८६च्या नॉर्टन कमांडर या जुन्या फाइल मॅनेजरचा, म्हणून बटणं आजही तीच: एफ५ कॉपी, एफ६ हलव, एफ७ नवीन फोल्डर, एफ८ डिलीट.

डावीकडे कार्ड उघड, उजवीकडे हार्डडिस्क. टॅबने इकडून तिकडे जायचं. फाइल इन्सर्टने निवड, एफ५ दाब. कुठे जाणार ते समोरच्या पॅनलमध्ये दिसतंच. कार्डावरून एफ६ मात्र वापरू नकोस. मध्येच केबल हलली, तर अर्ध्या फाइली इकडे, अर्ध्या तिकडे.

कॉपी झाली की लगेच कार्ड फॉरमॅट करायची घाई नको. आधी दोन्ही फोल्डर सिंक्रोनाइझच्या खिडकीत उघडून 'मजकुरानुसार' तुलना कर. नुसतं नाव-तारीख जुळलं म्हणजे फोटो शाबूत असतो असं नाही. वेळ लागतो, तोवर चहा मार. नवरीकडच्यांना उत्तरं देण्यापेक्षा परवडलं.

नावं बदलायला कंट्रोल एम. थीम-बीम नंतर बघ.