आधी अंधारातला फ्लास्क

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

तुझा अहवाल वाचला. इंडोलचा ॲनायन (ऋणभारित आयन), आयोडोबेंझिन, द्रव अमोनिया, बाहेरून दिवा आणि हाती आलं ३-फिनाइलइंडोल. काम नेटकं आहे. पण यंत्रणेच्या रकान्यात तू थेट ‘एसआरएन१’ (इलेक्ट्रॉन हातोहात पुढे जाणारी साखळी-अभिक्रिया) लिहिलंस, ते अजून सिद्ध झालेलं नाही.

आधी अंधारातला फ्लास्क लाव. तीच द्रव्यं, तेवढाच वेळ, तेच उणे ३३ अंश. फक्त काच ॲल्युमिनियम फॉइलमध्ये पूर्ण गुंडाळलेली. दुसरा फ्लास्क उजेडातच ठेव, पण त्यात थोडं पॅरा-डायनायट्रोबेंझिन घाल. यंत्रणा खरंच एसआरएन१ असेल, तर दोन्हींत अभिक्रिया मंदावायला हवी. या अभिक्रियेत आयोडोबेंझिनला एक इलेक्ट्रॉन मिळतो, आयोडाइड सुटतं, उरलेला फिनाइल रॅडिकल (एकटा, जोडी नसलेला इलेक्ट्रॉन असलेला तुकडा) इंडोलच्या ॲनायनशी जुळतो आणि तयार झालेला रॅडिकल-ॲनायन जादाचा इलेक्ट्रॉन पुढच्या आयोडोबेंझिनला देतो. तो इलेक्ट्रॉन वाटेत कुणी पळवला की साखळी तुटते. म्हणून डायनायट्रोबेंझिन चिमूटभरही पुरतं, आणि म्हणूनच आत शिरलेली हवा घात करते.

१९७० मध्ये किम आणि बनेट यांनी स्यूडोक्युमीनच्या (तीन मिथाइल गट असलेल्या बेंझिनच्या) हॅलाइडांवर पोटॅशियम अमाइड वापरलं, ते काम मुळातून वाच. क्लोरो आणि ब्रोमो संयुगं बेंझाइनमार्गे जात, म्हणजे हॅलोजन आणि शेजारचा हायड्रोजन निघून मधला टप्पा तयार होई आणि नवा गट त्या दोहोंपैकी कुठल्याही कार्बनवर बसे. हॅलोजन ५ वर असो की ६ वर, दोन अमाइनांचं मिश्रण जवळपास सारखंच येई. आयोडो संयुगांत मात्र अमाइन हॅलोजनच्या जुन्या जागीच जास्त येई. रॅडिकल पकडणारं द्रव्य घातलं की तो कल कमी होई, पोटॅशियम धातू घातला की जवळजवळ सगळं अमाइन जुन्याच जागी मिळे. इतका सुंदर युक्तिवाद मी फार थोड्या ठिकाणी पाहिला आहे. आयोडोबेंझिनवर तुला नवा गट जुन्याच जागी बसला का, हा प्रश्न विचारताच येत नाही, कारण त्याच्या सगळ्या जागा सारख्या. पॅरा-आयोडोॲनिसोल घे, मेटा उत्पादन दिसलं तर बेंझाइनचा संशय धर.

जोड कार्बनवर की नायट्रोजनवर, हेही गृहीत धरू नकोस. २-ब्रोमो-२-नायट्रोप्रोपेनबरोबर इमिडाझोलचा ॲनायन नायट्रोजननेच जोडला जातो. तुझ्या एनएमआरमध्ये ८ पीपीएमच्या आसपासचा रुंद एन-एच सिग्नल जड पाण्याने हलवल्यावर जातो का, आणि ६.७ जवळ सी-३ चा (इंडोलच्या तिसऱ्या कार्बनवरचा) हायड्रोजन दिसतो का, एवढं पाहून मग रकाना भर. एन-एच असेल तर जोड कार्बनवर, सी-३ चा हायड्रोजन शिल्लक आणि एन-एच गायब असेल तर नायट्रोजनवर.

तुझा,
सर