मावशीने पाठवलेली ट्यूब

प्रश्न: ताई, मी देवगड तालुक्यातली, वय २६. बीएड करून शाळेत शिकवते. आजवर आलेली स्थळं रंगावरूनच परत गेली. मागच्या खेपेस मुलाची आई उठता उठता म्हणाली, ‘फोटोत उजळ दिसत होती.’ मग मावशीने मुंबईहून एक ट्यूब पाठवली. मावसबहीणही तीच लावते. सुरुवातीला रंग खरंच उजळला, पण आता उन्हात गेलं की चेहरा लाल होतो, आग होते, हनुवटीवर लव आलीय. बंद केली तर आणखी काळी पडेन का? पुढच्या महिन्यात परत पाहुणे येणार आहेत. मी सुंदर नाही हे एकदाचं मान्य करून टाकू का?

उत्तर: आधी ट्यूबचं बघू गो. तिच्यावरची बारीक अक्षरं वाच. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांतलं एखादं नाव सापडलं, तर ते स्टेरॉइड आहे. इसब, सोरायसिस अशा दुखण्यांवर डॉक्टर ते मोजके दिवस देतात. चेहऱ्यावर महिनोन्‌महिने चोळलं की कातडी पातळ होते, पुळ्या येतात, लव वाढते, ऊन सोसत नाही. तुझी लक्षणं अगदी अशीच आहेत. अशी बरीच मलमं चिठ्ठीशिवाय विकायला सरकारने २०१८ मध्ये मनाई केली, तरी ती घरोघरी पोचतात. एकदम थांबवलं की आग आणि लाली उसळते, म्हणून बायका घाबरून पुन्हा लावतात आणि त्यात अडकतात. ट्यूब घेऊन याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, ती कशी सोडायची ते तेच ठरवतील. मावशीला मात्र आजच फोन कर. तिची मुलगीही तीच लावतेय.

आता रंगाचं. रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी गोऱ्या-काळ्या सगळ्यांच्या कातडीत साधारण सारख्याच असतात. त्या रंगद्रव्य किती आणि कसं बनवतात, एवढाच फरक. तेच रंगद्रव्य उन्हातल्या अतिनील किरणांपासून कातडीला जपतं. आपल्या किनाऱ्यावर एप्रिल-मेचं ऊन कसं असतं, ते तुला मी काय सांगणार? त्या उन्हात बागेतून आंबे उतरवणारा, होडीवर जाणारा मुलगा रापला की लोक त्याला कष्टाळू म्हणतात. पेट्या भरणारी, मासे सुकवणारी त्याची बहीण तेवढीच रापली, तर आई काळजीने म्हणते, ‘चेडवाचो रंग दबलेलो आसा.’ मला याची मनापासून चीड येते.

‘फेअर अँड लव्हली’ हे गोरेपणाचं क्रीम आपल्याकडे १९७५ मध्ये बाजारात आलं आणि त्याच्या जाहिरातींनी नोकरी, नवरा, मान सगळं गोऱ्या चेहऱ्याला देऊन टाकलं. २०२० मध्ये कंपनीने नावातला ‘फेअर’ काढला. त्याच वर्षी शादी डॉट कॉमने रंगावरून स्थळं निवडण्याची सोय बंद केली. बायोडाटातली ‘वर्ण’ ही ओळ मात्र अजून आहे, कारण ती आपल्याच घरात लिहिली जाते.

मी तुला पाहिलेलं नाही, त्यामुळे ‘तू सुंदर आहेस’ असं उगाच लिहिणार नाही. पण पोहे खाता खाता जे ठरतं, तो तुझ्या सौंदर्याचा निकाल नव्हे. पुष्कळदा तो व्यवहार असतो. मुलीचा रंग कमी म्हटला की सोन्याची अपेक्षा वाढवता येते. अशी बोलणी मी कानांनी ऐकली आहेत. छान दिसावंसं वाटण्यात काही चूक नाही. काजळ घाल, अबोलीचा वळेसर माळ, आवडेल त्या रंगाची साडी नेस. मात्र दुसऱ्याच्या नजरेला पटावं म्हणून कातडी सोलू नकोस.

आईशी बोल, पण भांडू नकोस. तिलाही चार जणी टोचत असणार. बायोडाटातली ती ओळ दोघी मिळून काढा. दिवसाउजेडी, फिल्टर न लावता काढलेला फोटो द्या. मध्यस्थाला स्पष्ट सांगा की रंग फोटोत दिसतो तोच आहे, पटत असेल तरच या. स्थळं कमी येतील आणि त्याचा त्रास होईल, हे तुझ्यापासून लपवत नाही. पण जे येतील ते तुला बघून आलेले असतील. पुढच्या महिन्यातल्या पाहुण्यांना तूर्त थांबायला सांगा. कातडी सावरायला कधी कधी कित्येक महिने जातात. त्यांनी कारण विचारलं, तर उपचार चालू आहेत असं सरळ सांगा.